बाराच्या भावात

बारा या आकड्याने मराठी माणसाचं काय घोडं मारलं आहे, देव जाणे. उतरलेल्या तोंडावर वाजतात ते बारा. भानगडी असतात त्या बारा. एका जागी न टिकणारा मुंजा असतो तोही बारा पिंपळांवरचा. आणि धडधाकट चाललेली एखादी गोष्ट फुकट गेली की ती जाते बाराच्या भावात. अकराच्या किंवा तेराच्या भावात काही गेल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. १९६१ साली निवडणुकीचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांच्यात एखादा तरी मराठी माणूस असला पाहिजे, असा माझा दाट संशय आहे. कारण मतदानाच्या दिवशी ज्याला ड्यूटीमुळे आपल्या केंद्रावर जाता येत नाही आणि तरीही मत द्यायची हौस फिटलेली नाही, अशा माणसाने भरायच्या अर्जाचा नमुना आहे क्रमांक १२.

हा अर्ज मी आजवर सात-आठ वेळा भरला आहे. तुम्ही म्हणाल, मत द्यायला अर्ज कशाला लागतो? चपला घालायच्या, ओळखपत्र घ्यायचं, कोपऱ्यावरच्या शाळेत जायचं, बटण दाबायचं. बरोबर आहे. ते तुमच्यासारख्या स्वतंत्र नागरिकांसाठी. मी राष्ट्रीयीकृत बँकेतला कारकून आहे. निवडणूक जाहीर झाली की शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि बँकेतले कारकून यांना एकेक कागद येतो. तो निमंत्रणपत्रिकेसारखा दिसत असला तरी त्यात ‘येण्याचे करावे’ असं नसतं, न आल्यास काय होईल ते असतं. लग्न ठरवताना मुलाला निदान तोंडदेखलं विचारतात. इथे तेही नाही.

मला बहुतेक वेळा ‘मतदान अधिकारी क्रमांक २’ हे पद मिळतं. ‘अधिकारी’ हा शब्द माझ्या नावापुढे पाच वर्षांतून दोनदाच लागतो, म्हणून मी तो जपून वापरतो. पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो, तिसरा यंत्र सांभाळतो, आणि मधला मी. मी रजिस्टरमध्ये सही घेतो आणि बोटाला शाई लावतो. ही शाई म्हैसूरला तयार होते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे आणि आठवडा दोन आठवडे काही जात नाही. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ मी गावातल्या सात-आठशे डाव्या तर्जन्यांना शाई लावतो. मेंदी लागलेल्या, नांगराने घट्टे पडलेल्या, खडूने पांढऱ्या झालेल्या, एका वेळी तर वरचं पेरच नसलेली. दिवस मावळेपर्यंत माझा अंगठा, मधलं बोट आणि शर्टाची बाही शाईने भरलेली असते. पण ती शाई हमालीची. मताची शाई जिथे लागायची, ती जागा कोरी.

कारण माझं मत असतं पुण्यात आणि मी असतो दुसऱ्याच मतदारसंघात. ड्यूटी आपल्याच मतदारसंघात लागली तर काम सोपं असतं. नमुना १२-अ भरायचा, ड्यूटीचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि जिथे काम करतोय तिथल्याच यंत्रावर मत द्यायचं. पण एवढं साधं नशीब असतं तर मी बी. कॉम. नंतर बँकेची परीक्षा देऊन कारकून कशाला झालो असतो? मला नेहमी नुसता १२. मतदानाच्या आधी निदान सात दिवस तो अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवायचा, यादीचा भाग क्रमांक, त्यातला अनुक्रमांक, ड्यूटीच्या आदेशाची प्रत, सगळं जोडून. मग यादीत आपल्या नावापुढे टपाली मताची खूण होते. ती खूण झाली की आपल्या केंद्रावरचं आपलं दार बंद. आता पाकिटावर भरवसा.

पाकिटं दोन. छोट्या पाकिटात मतपत्रिका, नमुना १३-ब. मोठ्या पाकिटात ते छोटं पाकीट आणि एक प्रतिज्ञापत्र, म्हणजे १३-क मध्ये १३-ब आणि १३-अ. प्रतिज्ञापत्रावर आपली सही आणि तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. हे सगळं कसं करायचं याच्या सूचना १३-ड मध्ये. थोडक्यात बाराची पायरी चढल्याशिवाय तेराची बाराखडी सुरू होत नाही. मोजणीच्या वेळी मोठं पाकीट फोडून आधी प्रतिज्ञापत्र बघतात. ते नसलं, सही नसली किंवा त्यावरचा नंबर छोट्या पाकिटावरच्या नंबराशी जुळला नाही, तर छोटं पाकीट उघडतच नाहीत. आत तुम्ही कितीही सुज्ञपणे मत दिलेलं असो.

बँकेतल्या माणसाचा जीव इथे टांगणीला लागतो. आमची सगळी हयात ‘इथे सही करा, मागे सही करा, खाडाखोड केलीय तिथे पूर्ण सही करा’ हे सांगण्यात जाते. कागद दिसला की हात सहीकडे वळतो. आणि मतपत्रिकेवर मात्र सही करायची नाही! तुमची ओळख पटेल अशी एखादी खूण जरी राहिली तरी मत बाद. बँकेत सही नसली की चेक परत, इथे सही असली की मत परत. आमच्या शाखेतल्या एका जुन्या रोखपालांना म्हणूनच मी मतपत्रिका हातात देताना बघितलं की घाम फुटायचा. ते उजवा हात डाव्या हाताने धरून खूण करीत.

२०१९ सालापर्यंत ही पाकिटं घरी येत. त्या वर्षी लोकसभेसाठी माझी ड्यूटी भोर तालुक्यात होती आणि पुण्याचं मतदानही त्याच दिवशी, २३ एप्रिलला. अर्ज वेळेत दिला होता, पोचही घेतली होती. मतदान झालं. मोजणी महिनाभराने, २३ मेला, सकाळी ८ पर्यंत पोचलेलं पाकीट मोजलं जाणार होतं. महिनाभर मी रोज संध्याकाळी आल्याबरोबर ‘काही आलं का?’ असं विचारी. नवथर कवी साभार परतीची वाट बघतात तसं. आमची ही म्हणे, ‘आलंय. विजेचं बिल.’ मतपत्रिका आली २५ मेला. निकाल लागून दोन दिवस झाले होते, निवडून आलेल्याच्या मिरवणुकीतला गुलाल आमच्या गल्लीतून झाडूनही झाला होता. ती इतके दिवस कुठे होती याचा मला कोणी पत्ता लागू दिला नाही. मी पाकीट उघडलं, सगळ्या उमेदवारांची नावं वाचली आणि त्यातल्या पडलेल्या सगळ्यांना मनातल्या मनात एकेक मत दिलं. त्यांना तेवढाच आधार.

टपालापेक्षा खात्रीचा एक मार्ग आहे, पण तो आम्हा लोकांना नाही. तो सैन्यातल्या माणसांसाठी. सीमेवरच्या जवानाला टपालाने मत देता येतंच, पण २००३ पासून त्याला आपल्या गावात आपल्या जागी मत देणारा माणूसही नेमता येतो. नमुना १३-फ भरायचा आणि घरच्या कोणाला तरी प्रतिनिधी करायचं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना २०१४ साली तिकडेच माझी ड्यूटी लागली होती. त्या भागात घरटी एक माणूस सैन्यात. दुपारी एक बाई आल्या. ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर. मत दिलं, मी तर्जनीला शाई लावलेली होतीच. त्या बाहेर न जाता पुन्हा रांगेच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

‘बाई, तुमचं झालं,’ मी म्हणालो.

‘माजं झालं. आता त्यांचं.’

केंद्राध्यक्षांनी यादी बघितली. खरंच, शेवटच्या पानावर नवरा आणि त्यांच्या जागी यांचं नाव. नियम असा की दुसऱ्याच्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. ती मी लावली. शेजारी शेजारी दोन काळी बोटं, जोडव्यांसारखी. पलीकडे बसलेल्या एका पक्षाच्या पोलिंग एजंटाला राहवलं नाही. तो म्हणाला, ‘काय वहिनी, त्यांनी सांगितलं तिथंच दिलं का?’

बाई पदर सावरत म्हणाल्या, ‘त्यांचं मत कुणाला ते मला ठावं हाय. माजं कुणाला ते त्यास्नी बी ठावं न्हाई.’ आणि गेल्या. गुप्त मतदान म्हणजे काय यावर आम्हाला दोन दिवस प्रशिक्षण दिलं होतं, त्यात हे इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

या प्रकारातली मला सर्वांत हेवा वाटणारी गोष्ट अशी, की प्रतिनिधी एकदा नेमला की नोकरी असेपर्यंत चालतो. मन फिरलं तर रद्द करता येतो, एरवी पुन्हा अर्ज नाही. आमच्या भाषेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन! रिकरिंगचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आपोआप कापला जातो, तसं. नमुना १२ चं तसं नाही. लोकसभेला भरलेला विधानसभेला चालत नाही. माणूस तोच, बँक तीच, यादीतलं नाव तेच, ड्यूटी लावणारेही बहुधा तेच, पण अर्ज नवा. हयातीचा दाखला निदान वर्षातून एकदा मागतात. हा मत द्यायच्या इच्छेचा हयातीचा दाखला म्हणायचा.

हे ‘दर वेळी नवा अर्ज’ प्रकरण माझ्यापुरतं असतं तर मी मुकाट्याने सोसलं असतं. पण त्यात आत्या आली.

माझी आत्या कसबा पेठेत एका वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. वाडा पेशवाईतला नाही, पण जिना असावा. लाकडी, उभा, अंधारा आणि मध्ये एका ठिकाणी अशी काही वळसा घेतो की तिथे नव्या माणसाची गाठ आधी भिंतीशी पडते. आत्याचा जन्म १९४१ च्या डिसेंबरातला. तेव्हा मतदानाचं वय होतं २१, त्यामुळे १९६२ ची निवडणूक तिची थोडक्यात हुकली. त्याची रुखरुख तिला अजून आहे. १९६७ पासून मात्र लोकसभा, विधानसभा, महापालिका, एकही चुकवलेली नाही. गुडघे गेले तरी ती भिंतीला धरून, एकेका पायरीवर बसत, पाऊण तासात खाली उतरे आणि मत देऊन येई.

२०२३ च्या फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक लागली. तेव्हा ८० वर्षांवरच्या मतदाराला घरी बसून टपाली मत देता येत होतं. त्यासाठी नमुना १२-ड. यादीचं काम बघणाऱ्या शाळेतल्या बाई स्वतः जिना चढून अर्ज घेऊन आल्या. आत्या तेव्हा ८१ ची. तिने चष्मा पुसून अर्ज वाचला, दोन शंका विचारल्या आणि सही केली. ठरल्या दिवशी माणसं आली. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा मुलगा, शिवाय एका उमेदवाराचा प्रतिनिधी. मी भाचा म्हणून स्वयंपाकघरात उभा. एवढी माणसं त्या खोलीत सत्यनारायणालाच येतात, त्यामुळे आत्याने साहजिकच चहा टाकायला सांगितलं. अधिकारी घाईघाईने म्हणाले, ‘नको आजी, निवडणुकीत काही घेता येत नाही आम्हाला.’

‘अहो, मत मी देणार आणि चहाही मीच देणार. मग आमिष कोण कुणाला दाखवतंय?’

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण चहाही त्यांनी घेतला नाही. मग पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. पोलीस भिंतीवरच्या गणपतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्याने खूण केली, घडी घातली, पाकीट चिकटवलं, दुसऱ्या पाकिटात घातलं आणि मान वर करून विचारलं, ‘आवाज?’

‘कसला आवाज?’

‘पींऽऽ. यंत्र करतं तो.’

‘कागदाला आवाज नसतो आजी.’

‘मग मत पडलं हे कळायचं कसं?’

ते पडलं आहे याची ग्वाही दोन अधिकाऱ्यांनी, पोलिसाने आणि आतून मी दिली. आत्याचं समाधान झालं नाही. पण महिन्याभरात तिने वाड्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आता सरकार तिच्याकडे येतं, तिला सरकारकडे जावं लागत नाही.

पुढच्या वर्षी लोकसभा जाहीर झाल्याबरोबर तिचा फोन आला. ‘अरे, माझा तो बारा-ड रिन्यू करून टाक.’

मी म्हटलं, ‘रिन्यू होत नाही आत्या, नवा भरावा लागतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत.’

‘मग नवा भर. मी कुठे नाही म्हणते?’

त्याच शाळेतल्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या हातात अर्ज नव्हता आणि चेहऱ्यावर तो एक आकडा वाजत होता. म्हणाल्या, ‘आजी, या वेळी तुम्ही बसत नाही.’

‘अहो, दिवसभर बसलेलीच असते. उठता येत नाही म्हणून तर अर्ज करतेय!’

बाईंनी समजावून सांगितलं. २०२४ च्या मार्चमध्ये नियम बदलला होता. ८० ची मर्यादा आता ८५ झाली होती. आत्या ८२ ची. ‘तुमचं वय कमी पडतं,’ असं बाई म्हणाल्या, तेव्हा आत्या क्षणभर लाजली. हे वाक्य तिने शेवटचं ऐकलं ते १९६२ साली. मग मात्र ती सावरली. ‘म्हणजे तेव्हा २१ व्हायची वाट बघायची, आता ८५ व्हायची. मधल्या काळात तुमच्या नियमांत मी बरोबर होते कधी?’

दुसरी एक वाट होती. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असेल तर वयाची अट नाही, पण तसं प्रमाणपत्र हवं.

‘माझे गुडघे नव्वद टक्के गेलेत.’

‘प्रमाणपत्र आहे का आजी?’

‘गुडघे आहेत की!’

गुडघ्यांचं दाखवणं प्रमाणपत्रात मोडत नाही हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, ‘आणि खरं सांगू का, दोष माझ्यात नाहीच. जमिनीवर मी चालते. अपंग आहे तो जिना. त्याचं प्रमाणपत्र मिळतं का बघा.’

बाई हसल्या, पण त्या तरी काय करणार? नियम त्यांनी केला नव्हता, जिनाही नाही. त्या गेल्यावर आत्याने तोफ माझ्याकडे वळवली. ‘तू बँकेत आहेस ना? मग मला सांग. मी आठ टक्क्यांनी मुदत ठेव ठेवली आणि तुम्ही नंतर दर सात केलात, तर माझ्या पावतीवर किती?’

‘आठच. मुदत संपेपर्यंत जुना दर.’

‘मग ८० च्या दराने मी एकदा म्हातारी झालेली असताना, मध्येच दर बदलून मला तरुण कसं करता येतं?’

मी वीस वर्षं ठेवी विभागाच्या आसपास काढली आहेत. हा मुद्दा मला सुचला नव्हता. आत्याने तो अर्जाच्या रूपात सांगितला, मी लिहून घेतला आणि कचेरीत नेऊन दिला. तिथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावर वाचायला दिला आणि मला बसायला खुर्ची दिली. नियम मात्र तोच राहिला. ८५ म्हणजे ८५.

या धामधुमीत माझा स्वतःचा १२ चालूच होता. या वेळी ड्यूटी आंबेगाव तालुक्यात, म्हणजे शिरूर मतदारसंघात, आणि मतदान पुण्याबरोबरच १३ मेला. एक सुधारणा झाली होती. २०२३ पासून ड्यूटीवरच्या माणसाचं पाकीट घरी पाठवणं बंद झालं. आता प्रशिक्षणाच्या जागी सुविधा केंद्र असतं. तिथेच मतपत्रिका घ्यायची, तिथेच आडोशाला खूण करायची, तिथेच साक्षांकन करणारे साहेब बसलेले, तिथेच पेटीत टाकायचं. व्यवस्था उत्तम आहे. मी गेलो त्या केंद्रावर पहिल्या दिवशी माझं नाव यादीत होतं, पण आमच्या मतदारसंघाचा मतपत्रिकांचा गठ्ठा यायचा होता. दुसऱ्या खेपेला गठ्ठा आला होता, साहेबांचा शिक्का आला होता, साहेब जेवायला गेले होते. मला एकच्या आत काउंटरवर परत यायचं होतं. तिसऱ्यांदा ‘जरा मत देऊन येतो’ म्हणून उठलो तेव्हा आमचे मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘प्रत्येक वेळी एकालाच देताय ना?’

तिसऱ्यांदा मात्र सगळं जमलं. उमेदवारांची यादी हातभर लांब. खूण केली, उजवा हात डाव्या हाताने धरला, सही केली नाही, पाकिटं चिकटवली, दोन्हींवरचे नंबर तीनदा ताडून पाहिले. माझ्या मागे रांगेत उभी असलेली एक शिक्षिका शेवटी म्हणाली, ‘भाऊ, मतच आहे ना ते? की डिमांड ड्राफ्ट?’

१३ मेला मी पहाटेपासून आंबेगावात लोकांची बोटं रंगवत होतो, आणि इकडे कसब्यात काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. यंत्र आणि सामान परत करून घरी पोचायला पहाटेचे तीन वाजले होते. सकाळी आमच्या हिने चहाबरोबर सगळी हकीकत सांगितली.

आत्याने आदल्या दिवशीच वाड्यातल्या चार पोरांना बोलावून विचारलं होतं, ‘गणपतीची मूर्ती वर नेता ना? मग मला खाली न्या.’ हातांची लाकडी खुर्ची काढली. आत्याला चादरीने खुर्चीला बांधलं. मतदारांना गाडीतून फुकट नेणं उमेदवाराच्या अंगाशी येतं, हे तिने माझ्याकडून ऐकलेलं होतं, म्हणून तिने आधी खात्री करून घेतली की चौघांपैकी कोणी कुठल्या पक्षाचा नाही, आणि खुर्ची हे वाहन होत नाही. मग मिरवणूक निघाली. वळशावर खुर्ची अडकली. आत्या वरून सूचना देत होती, ‘डावीकडे! अरे, डावीकडे घ्या!’ खाली चौकात उभ्या असलेल्या एका पोलिसाला वाटलं प्रचार चाललाय, म्हणून तो आत आला. त्याने मग खुर्चीचा चौथा पाय धरला.

शाळेत चाकाची खुर्ची तयार होती. तिथल्या माणसांनी आत्याला सरळ पुढे न्यायला सुरुवात केली. तिने चाक धरून ठेवलं. म्हणाली, ‘मला रांगेत राहू द्या.’

‘आजी, ज्येष्ठांना रांग नाही.’

‘अहो, वर्ष झालं मला खाली येऊन. मागच्या वेळी मत घरी आलं, म्हणून खाली यायचं कारणच उरलं नाही. ही सगळी मंडळी मला एकदम कुठे भेटणार?’

आणि ती खरोखर तासभर रांगेत राहिली. पलीकडच्या वाड्यातली तिची वर्गमैत्रीण भेटली, तिची सून भेटली, भाजीवाली भेटली, एका बाईशी १९८८ पासून अबोला होता तोही सुटला. यंत्राने पींऽऽ केलं तेव्हा ती ‘हां!’ असं एवढ्या मोठ्याने म्हणाली की केंद्राध्यक्ष उठून उभे राहिले. परत वर नेताना पोरं तीनदा थांबली. वर गेल्यावर तिने सगळ्यांना चहा पाजला. पोलीससुद्धा प्यायला. त्याची ड्यूटी शाळेत होती, वाड्यात नव्हे.

मी संध्याकाळी भेटायला गेलो तर तिने बोट पुढे केलं. मग माझं बोट बघितलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं. ‘तुझं ते पाकिटातलं, मोजतात ना रे नक्की?’

मी म्हटलं, ‘सगळ्यांत आधी. सकाळी ८ ला टपाली मतांपासून सुरुवात होते. यंत्रं अर्ध्या तासाने.’

हे तिने लक्षात ठेवलं. ४ जूनला सकाळी आठ वाजता तिचा फोन, ‘तुझी पाकिटं फोडतायत!’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पेपरात मुंबई वायव्यचा निकाल आला होता. यंत्रांतल्या मतांत एक उमेदवार पुढे होता फक्त १ मताने. टपाली मतांत दुसऱ्याला १५५० आणि पहिल्याला १५०१. म्हणजे ४९ चा फरक, त्यातून १ वजा, आणि निकाल ४८ मतांनी. साडेचार-साडेचार लाख मतं घेतलेली दोन माणसं, आणि निकाल फिरला तो पाकिटांवर. मी बँकेत तो हिशेब कागदावर मांडून दाखवला, ताळा जमला. तेव्हापासून आमच्या शाखेत ‘टपाली’ हा शब्द कोणी हसून उच्चारत नाही. मॅनेजरसुद्धा.

नोव्हेंबरात विधानसभा आली. ड्यूटीचा कागद आला, मी पुन्हा १२ भरला. भाग क्रमांक तोच, अनुक्रमांक तोच, सही तीच. शाळेतल्या बाई या वेळी आत्याकडे नुसत्या भेटायला गेल्या, कारण आत्या अजून ८२ चीच होती. २० तारखेला खुर्ची पुन्हा उतरली. पोरांचा हात बसला होता. वळसा एका दमात पार झाला म्हणतात.

परवा मी आत्याला म्हटलं, ‘आता २०२९ च्या लोकसभेला काळजी नाही. तू ८७ ची असशील. बारा-ड ला बसशील.’

मला वाटलं होतं खूष होईल. ती विचारात पडली. ‘तो अर्ज केला की शाळेत जाता येत नाही ना?’

‘नाही. घरचं मत घेतलं की शाळेतलं दार बंद.’

‘आणि अर्ज करायलाच हवा असं काही?’

‘नाही. ऐच्छिक आहे.’

‘मग आणून ठेव. भरू नकोस,’ आत्या म्हणाली. ‘पोरं तेव्हा पुण्यात असली तर खुर्ची. नसली तर मग तुझा तो बारा.’

त्या चौघांपैकी एक नोकरीसाठी बंगळूरला गेला आहे. तिघांत खुर्ची उतरते का, याची चौकशी आत्याने आतापासूनच सुरू केली आहे.